रिमोट हॅम स्टेशनची पॉवर: काय आपोआप बंद झालं पाहिजे आणि काय कधीच बंद पडता कामा नये

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की घरापासून काही तासांवर एक शांत जागा मिळालीय, तिथे १०० वॅटचा एचएफ रिग (हॅमचा म्हणजे हौशी रेडिओचा, शॉर्टवेव्हवरचा ट्रान्समीटर-रिसीव्हर) ठेवून घरून चालवायचाय, पुढेमागे लिनियर (सिग्नलची पॉवर वाढवणारा ॲम्प्लिफायर) आणि रोटेटर (अँटेना फिरवणारी मोटर) येणार, मेन्स आहे पण लाइट जाते-येते, आणि तुम्हाला हवंय ते एवढंच की इंटरनेटवरून चालणारा कुठला पॉवर स्विच घ्यावा आणि यूपीएस केवढा लागेल. मी बरीच वर्षं असं स्टेशन चालवतोय, सगळं वायरिंग दोनदा उपटून परत केलंय, म्हणून जरा लांबलचक लिहितो. स्विच कुठला घ्यायचा हे खरं तर शेवटचं काम आहे, आधी ठरवायच्या गोष्टी वेगळ्याच आहेत.

सगळ्यात आधी एक कागद घ्या आणि तिथे असणाऱ्या प्रत्येक वस्तूचं नाव लिहून समोर एकच गोष्ट ठरवा, की माझा कंट्रोलर (तिथले सगळे रिले चालवणारं छोटं यंत्र) मेला, हँग झाला, त्याची पॉवर गेली, तर ही वस्तू चालू राहायला हवी की बंद व्हायला हवी. राउटर चालू राहिला पाहिजे. रिग बंद झाला पाहिजे. लिनियर तर बंदच. बॅटरीचा चार्जर चालू. रोटेटर बंद. अँटेना स्विच पॉवर नसताना अँटेना अर्थला जोडेल असा. कॉम्प्युटर चालू, पण त्यावर पुढे बोलू. हा कागद झाला की अर्धं डिझाइन झालं, कारण रिलेला (करंटने चालणाऱ्या स्विचला) दोन कॉन्टॅक्ट असतात, एनओ (रिलेला करंट नसताना तुटलेला) आणि एनसी (करंट नसताना जोडलेला), आणि कुठली वस्तू कुठल्या कॉन्टॅक्टवर घ्यायची हे आता तुम्हाला विचार न करता कळेल. राउटर एनसीवर घ्यायचा, म्हणजे रिलेला करंट दिला तरच राउटर बंद होतो, रिले बोर्ड जळून खाक झालं तरी राउटर आपला चालूच. रिग एनओवर, म्हणजे कोणीतरी जिवंत राहून त्याला धरून ठेवलंय तोवरच त्याला पॉवर. बाजारात तयार मिळणाऱ्या बऱ्याच पॉवर स्विचमध्ये सगळे आउटलेट एकाच प्रकारचे असतात आणि ‘पॉवर आल्यावर काय करायचं’ हे सॉफ्टवेअरमधलं सेटिंग असतं, त्यावर मी राउटरच्या बाबतीत विश्वास ठेवत नाही, सेटिंग उडालेलं मी स्वतः पाहिलंय.

राउटरबद्दल अजून एक, आणि हे मी मनापासून सांगतोय. राउटरला ‘बंद’ असं बटणच देऊ नका. फक्त ‘रीस्टार्ट’ द्या, आणि बंद करून ३० सेकंदांनी परत चालू करायचं काम तिथल्याच कंट्रोलरने करायचं, तुम्ही घरून नाही. पहिल्या वर्षी मी घरून राउटर ऑफ केला, ऑन करायला गेलो तर अर्थातच पेजच उघडेना, कारण मी ज्या फांदीवर बसलो होतो तीच कापली होती. जायला यायला एक पूर्ण दिवस गेला. शिवाय राउटर हँग झाला तर तुमची कमांड तिथे पोचणारच नाही, म्हणून कंट्रोलरनेच दर काही मिनिटांनी बाहेरच्या दोन वेगवेगळ्या पत्त्यांना पिंग करायचं (छोटा संदेश पाठवून उत्तर येतं का बघायचं), दोन्हीकडून सलग १० मिनिटं उत्तर नाही आलं तर राउटर रीस्टार्ट. तरी नाही आलं तर लगेच परत नाही, अर्धा तास थांबून, मग २ तासांनी, असं अंतर वाढवत जायचं. नाहीतर सर्व्हिस प्रोव्हायडरची लाइन दिवसभर बंद असली की बिचारा राउटर दिवसभर चालू-बंद होत राहतो आणि खरंच बिघडतो.

आता रिलेकडे येऊ, कारण माझा सगळ्यात मोठा धडा तिथला आहे.

एका रात्री मी रिग बंद केला, स्क्रीनवर दिसलं ‘ऑफ’, झोपलो. सकाळी सहज बॅटरीचा ग्राफ बघितला तर रात्रभर ०.९ अँपियर जात होते, अगदी सरळ रेष. ०.९ अँपियर म्हणजे माझा रिग रिसीव्हवर जेवढा घेतो तेवढेच. म्हणजे रिले ‘ऑफ’ सांगत होता आणि रिग चालूच होता. बोर्ड खोटं बोलत नव्हतं, ते फक्त आपण काय कमांड दिली तेच सांगत होतं, कॉन्टॅक्टचं काय झालंय हे त्याला माहीतच नसतं. तिथे जाऊन रिले उघडला तर दोन्ही पॉइंट एकमेकांना चिकटलेले, मध्ये काळसर मणी झालेला, नखाने टोकरल्यावर टक आवाज करून सुटले. तेव्हापासून माझा नियम आहे की प्रत्येक महत्त्वाच्या लाइनवर करंट मोजायचाच, रिलेची स्थिती काय ते करंटवरून ठरवायचं. छोटा शंट किंवा हॉल सेन्सर पुरतो. ‘ऑफ’ दिलं आणि १० सेकंदांनी करंट शून्याजवळ नाही आला, तर मला मेसेज यायला पाहिजे आणि त्याच्या मागचा दुसरा, मोठा रिले सुटायला पाहिजे. हो, दोन रिले एकामागोमाग एक. एक रोजच्या चालू-बंदसाठी आणि एक नुसता आणीबाणीसाठी, जो एरवी कधी लोडवर उघडझाप करत नाही त्यामुळे त्याचे पॉइंट चांगले राहतात.

पॉइंट चिकटतात का? रिले बोर्डवर १० अँपियर लिहिलेलं असतं आणि आपण बघतो की पॉवर सप्लाय तर मेन्सवर २ अँपियरच घेतो, मग काय प्रॉब्लेम. प्रॉब्लेम हा की एसएमपीएस (आजकालचा स्विचिंग पॉवर सप्लाय) चालू होताना आतले मोठे कपॅसिटर एकदम भरले जातात आणि त्या काही मिलिसेकंदांसाठी करंट नेहमीच्या कितीतरी पट असतो, लिनियरच्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरचंही तसंच. कॉन्टॅक्ट जुळताना किंचित उडी मारतो, त्या उडीत स्पार्क, स्पार्कमध्ये धातू वितळतो, झालं वेल्डिंग. म्हणून मेन्सवरच्या मोठ्या लोडसाठी छोटा रिले फक्त कॉन्टॅक्टरची (जास्त करंटसाठीच्या मोठ्या रिलेची) कॉइल चालवायला वापरा आणि लोड कॉन्टॅक्टरवर घ्या, लिनियरला सॉफ्ट स्टार्ट (सुरुवातीचा करंट आवरणारं सर्किट) नसेल तर लावा. डीसी बाजूला तर वेगळीच भानगड, डीसीचा करंट एसीसारखा शून्यातून जात नाही, त्यामुळे स्पार्क लागला की विझायला वेळ लागतो, म्हणून रिलेवर डीसीचं रेटिंग वेगळं छापलेलं असतं, २५० व्होल्ट एसीला १० अँपियर वाला रिले डीसीला साधारण ३० व्होल्टपर्यंतच तेवढा करंट तोडू शकतो. १२ व्होल्टच्या स्टेशनला गाडीतला ३०-४० अँपियरचा रिले चांगला, त्याहून चांगलं म्हणजे रिग आधी सॉफ्टवेअरने बंद करायचा, १० सेकंद थांबायचं आणि मग डीसी तोडायचा, म्हणजे तोडताना करंट जवळपास नसतोच. रिगची सेटिंगही नीट सेव्ह होतात.

कोणी म्हणेल सॉलिड स्टेट रिले लावा, पॉइंटच नाहीत तर चिकटणार काय. लावा, पण ते बिघडतात तेव्हा बहुतेक वेळा शॉर्ट होऊन बिघडतात, म्हणजे ‘कायमचे चालू’. म्हणून ट्रान्समीटरचा शेवटचा कट-ऑफ कधीही एकट्या सॉलिड स्टेट रिलेवर ठेवू नका.

आता यूपीएस. तुम्ही विचारलंत केवढा, माझं स्पष्ट मत आहे की मेन्सचा नेहमीचा यूपीएस इथे घेऊच नका. तो बॅटरीच्या १२ व्होल्टचे मेन्स व्होल्टेज बनवणार आणि मग तुमचे अडॅप्टर त्याचे परत १२ आणि ५ करणार, दोन्हीकडे पॉवर वाया, आणि इन्व्हर्टरचा आवाज तुमच्या रिसीव्हरमध्ये. त्यापेक्षा चार्जर, बॅटरी आणि बॅटरीवरून सगळं डीसी. राउटर १२ व्होल्टवर चालतो, छोटा कॉम्प्युटर डीसी-डीसी कन्व्हर्टरवर चालतो, रिग १३.८ वर. फक्त लिनियर आणि मोठा रोटेटर मेन्सवर, आणि लाइट गेली की ते गेलेच तर चालतं.

हिशोब करून बघा. राउटर ८ वॅट, छोटा कॉम्प्युटर ६, कंट्रोलर आणि रिले २, असे १६ वॅट कायमचे. रिग रिसीव्हवर साधारण १५ वॅट. म्हणजे नुसतं ऐकत बसलं तर ३१ वॅट, दिवसाचे साधारण ७५० वॅट-अवर. १०० अँपियर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी १२.८ व्होल्टची, म्हणजे १२८० वॅट-अवर, त्यातले ८० टक्के वापरायचे म्हटले तर १०२४, म्हणजे ३३ तास. रिग बंद ठेवला आणि फक्त १६ वॅट चालू ठेवले तर ६४ तास. आणि ट्रान्समिट? १०० वॅट आउटपुटला रिग २१ अँपियर घेतो, म्हणजे २९० वॅट. एफटी८ (कॉम्प्युटरने छोटे डिजिटल संदेश पाठवायची पद्धत) मध्ये १५ सेकंदांच्या स्लॉटमध्ये १२.६४ सेकंद ट्रान्समिट असतं, एकाआड एक स्लॉट धरला तर ४२ टक्के वेळ, म्हणजे सरासरी १२० वॅटच्या वर नुसतं ट्रान्समिटचं, तीच बॅटरी ७ तासांच्या आसपास संपते. हे आकडे मी मुद्दाम मांडले कारण लोक बॅटरी मोठी घेत सुटतात, पण खरा फरक पडतो लाइट गेल्यावर काय बंद करायचं हे आधीच ठरवल्याने.

म्हणून टप्पे ठरवा. मेन्स गेले की लगेच काही नाही. बॅटरी १२.८ व्होल्टला आली की रिग बंद, १२.४ ला कॉम्प्युटर नीट शटडाऊन, राउटर आणि कंट्रोलर सगळ्यात शेवटी. हे व्होल्टेज रिसीव्हवर असतानाचं मोजा आणि मिनिटभर सलग कमी असेल तरच धरा, नाहीतर ट्रान्समिट दाबलं की क्षणभर व्होल्टेज पडतं आणि क्यूएसओच्या (रेडिओवरच्या संभाषणाच्या) मध्येच रिग बंद होतो. परत चालू करायची पातळी वेगळी, १३.३ च्या वर १० मिनिटं टिकलं तरच, नाहीतर काठावर चालू-बंद-चालू-बंद असा खेळ सुरू होतो. लिथियम आयर्न फॉस्फेटचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळपास सपाट असतं, त्यामुळे बॅटरीत किती उरलंय हे व्होल्टेजवरून कळत नाही, त्यासाठी शंटवर अँपियर-अवर मोजणारा मीटर हवा, व्होल्टेज फक्त शेवटच्या संरक्षणासाठी.

आणि याच बॅटरीची एक खोड सांगून ठेवतो. तिच्या आत बीएमएस (बॅटरीला जपणारं सर्किट) असतं, बॅटरी फारच उतरली की ते टर्मिनलच तोडून टाकतं, बाहेरून मोजलं तर शून्य व्होल्ट. आता मेन्स आले, चार्जर जागा झाला, त्याने बघितलं की समोर बॅटरीच नाही, आणि काही चार्जर असे असतात की समोर व्होल्टेज दिसल्याशिवाय चार्जिंग सुरूच करत नाहीत. मेन्स आहेत, बॅटरी आहे, चार्जर आहे, आणि स्टेशन मेलेलं. म्हणून तुमचे टप्पे असे ठेवा की बीएमएसपर्यंत वेळच येऊ नये, आणि शून्य व्होल्टवरून सुरू होणारा चार्जर घ्या. ० अंश सेल्सिअसच्या खाली ही बॅटरी चार्ज करायची नसते, थंड जागा असेल तर तापमान बघून चार्जिंग थांबवणारी घ्या. लेड-ॲसिड घेतली तर तिला उष्णतेचं वावडं, २५ अंशाच्या वर दर १० अंशांना आयुष्य साधारण निम्मं होतं, पत्र्याच्या बंद केबिनमध्ये ती फार टिकत नाही.

वायरकडे लोक दुर्लक्ष करतात. समजा बॅटरीपासून रिग ५ मीटरवर आहे, जाऊन-येऊन १० मीटर तांबं. २.५ चौरस मिलिमीटर वायर किलोमीटरला ७.४१ ओहम, म्हणजे १० मीटरला ०.०७४, गुणिले २१ अँपियर, दीड व्होल्टच्या वर गेले वायरमध्येच. ६ चौरस मिलिमीटरला हेच ०.६५ व्होल्ट, १० ला ०.३८. बहुतेक रिग १३.८ च्या १५ टक्के खालपर्यंत चालतात, म्हणजे ११.७ पर्यंत. बॅटरी १२.८ वर असताना दीड व्होल्ट वायरने खाल्ले, वर फ्यूज आणि कनेक्टरने थोडे, की ट्रान्समिट दाबताच रिग रीस्टार्ट होणार, आणि तुम्ही घरी बसून रिगलाच दोष देणार. शक्यतो बॅटरी रिगच्या शेजारीच ठेवा. फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलला लागून, पहिल्या हातभर वायरच्या आत, कारण लिथियम बॅटरी शॉर्ट झाली तर शेकडो अँपियर फेकते आणि त्या केबिनमध्ये आग विझवायला कोणी नाही. लग (वायरच्या टोकाला लावायची कडी) नीट क्रिंप करा, म्हणजे घट्ट दाबून बसवा, सहा महिन्यांनी जाल तेव्हा फुल लोडवर हात लावून बघा कुठला जोड गरम लागतोय.

आता कॉम्प्युटर, ज्याच्यावर पुढे बोलू म्हटलं होतं. बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) ‘पॉवर आल्यावर चालू हो’ हे सेटिंग करा हे सगळेच सांगतात. पण एक सापळा आहे जो मी तीनदा वेगवेगळ्या लोकांच्या स्टेशनवर बघितलाय. लाइट गेली, बॅटरी उतरत आली, कॉम्प्युटरने शहाण्यासारखं स्वतःला शटडाऊन केलं, आणि पाचच मिनिटांत मेन्स परत आले. बॅटरी अजून संपलेली नव्हती, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्लगमधली पॉवर एकदाही गेलीच नाही. मग त्याच्या दृष्टीने ‘पॉवर आली’ असं काही घडलंच नाही, तो आपला बंदच बसून राहतो, कायमचा. उपाय असा की शटडाऊन झाल्यावर कंट्रोलरने कॉम्प्युटरची लाइन खरोखर तोडायची, मेन्स किंवा चार्जिंग परत आल्यावर निदान ३० सेकंद तुटलेली ठेवून मग जोडायची. शटडाऊन झाल्याचं कसं कळणार? करंटवरून! कॉम्प्युटरचा करंट पडला की तो झोपला. रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर वापरत असाल तर मेमरी कार्डवर रीड-ओन्ली फाइल सिस्टिम करा, अचानक पॉवर गेल्याने कार्ड खराब होणं ही त्याची सगळ्यात नेहमीची तक्रार आहे, आणि त्याला ५ व्होल्ट खरंच ५ द्या, पातळ यूएसबी वायरीतून ४.६ पोचले की ते विचित्र वागायला लागतं.

मेन्स परत आल्यावर सगळं एकदम चालू करू नका. पहिली काही मिनिटं व्होल्टेज वरखाली होतं, परत जाऊही शकतं. मी ५ मिनिटं थांबतो. मग चार्जर, मग कॉम्प्युटर, आणि कॉम्प्युटर पूर्ण बूट होऊन सगळं स्थिर झालं की मग रिगचा डीसी. हा क्रम उलटा कधीच नको, त्याचं कारण मोठं आहे. बऱ्याच जणांचं पीटीटी (रिगला ट्रान्समिटवर नेणारा सिग्नल) यूएसबी-सिरियलच्या आरटीएस किंवा डीटीआर या कंट्रोल लाइनवर असतं, आणि कॉम्प्युटर बूट होताना या लाइन स्वतःच वरखाली होतात. रिग आधीच चालू असेल तर तो ट्रान्समिटला जातो, कुठल्या फ्रीक्वेन्सीवर, कुठल्या अँटेनावर, काहीच सांगता येत नाही, आणि तुम्ही अजून कनेक्टही झालेले नसता.

अडकलेलं ट्रान्समिट ही रिमोट स्टेशनची सगळ्यात गंभीर गोष्ट आहे, पॉवरची सगळी व्यवस्था शेवटी याच्यासाठी आहे असं मी मानतो. अमेरिकेच्या हौशी रेडिओसाठीच्या पार्ट ९७ नियमांत तर स्पष्ट अट आहे की कंट्रोल लिंक बिघडली तर ट्रान्समिशन ३ मिनिटांच्या वर चालता कामा नये. तुमच्या लायसन्सच्या अटी तुम्ही वाचालच, पण नियम काहीही असो, ३ मिनिटं हा आकडा मला योग्य वाटतो. रिगच्या मेनूत टाइम-आउट टायमर असतो, तो लावाच. एफटी८ साठीच्या डब्ल्यूएसजेटी-एक्स सॉफ्टवेअरमध्ये ट्रान्समिट वॉचडॉग (ठरलेल्या वेळाने ट्रान्समिट थांबवणारा टायमर) असतो, मूळ सेटिंग ६ मिनिटांचं, तो कमी करा. पण हे दोन्ही सॉफ्टवेअर आहेत आणि ज्या दिवशी गरज पडते त्या दिवशी नेमकं सॉफ्टवेअरच हँग असतं. म्हणून तिसरा, वेगळा: एक साधा मायक्रोकंट्रोलर, तो रिगच्या डीसी लाइनचा करंट बघतो, आणि हे काम कॉम्प्युटरवर, इंटरनेटवर अवलंबून नसतं. रिसीव्हवर करंट फार तर सव्वा अँपियर, ट्रान्समिट दाबलं की एकदम वर. सलग ३ मिनिटं करंट ३ अँपियरच्या खाली आलाच नाही की तो डीसी तोडतो, आणि घरून मी मुद्दाम परत चालू करेपर्यंत तुटलेला ठेवतो. एसएसबीवर (आवाजात बोलायच्या पद्धतीवर) लांब बोलताना मध्ये पीटीटी सोडायची सवय लागते, ती तशीही चांगलीच सवय आहे. याच कंट्रोलरला दुसरं काम द्या, की माझ्या घरच्या मशीनकडून दर १० सेकंदांनी ‘आहे मी’ असा सिग्नल येत राहायला हवा, मिनिटभर आला नाही तर पीटीटीची लाइन तोडायची.

रिग चालू करायचा तो नुसता डीसी देऊन होत नाही बऱ्याचदा. जुन्या रिगला दाबून राहणारं बटण असायचं, डीसी आला की चालू. नवे सॉफ्ट बटणवाले बंदच उठतात, त्यांना कमांड लागते. उदाहरणार्थ आयकॉम आयसी-७३०० ला सीआय-व्हीवरून (कॉम्प्युटरने रिगला कमांड द्यायच्या आयकॉमच्या पद्धतीने) पॉवर-ऑन कमांड देता येते, पण झोपलेल्या रिगला जागं करायला आधी एफई या एकाच बाइटची रांग पाठवावी लागते, १९२०० बॉडच्या वेगाला २५ आणि ११५२०० ला १५०, हे न कळल्यामुळे कमांड चालत नाही म्हणून कितीतरी जण अडकतात. विकत घेण्याआधी तुमच्या रिगला हे कसं जमतं ते बघून घ्या.

लिनियर असेल तर त्याची पॉवर वेगळ्या कॉन्टॅक्टरवर, आणि ट्यूबचा असेल तर घाई नको. ३सीएक्स८००ए७ सारख्या ट्यूबला हीटर ३ मिनिटं तापल्याशिवाय ट्रान्समिट द्यायचं नसतं, आणि बंद करताना उलट, आधी स्टँडबाय, पंखा काही मिनिटं चालू, मग मेन्स. ३-५००झेड सारख्या ट्यूबला नुसता फिलामेंट चालू असला तरी हवा लागते, पंख्याची पॉवर आणि फिलामेंटची पॉवर कधीच वेगळी पडता कामा नये. ऑटोमॅटिक टप्प्यांमध्ये हे बसवा, आठवणीवर सोडू नका. रिमोटला मी सॉलिड स्टेट लिनियरच सुचवेन, आणि खरं सांगायचं तर पहिलं वर्ष लिनियरशिवायच काढा.

विजेचं म्हणाल तर रिलेच्या कॉन्टॅक्टमधली मिलिमीटरभर फट आकाशातल्या विजेला काहीच नाही. रिले उघडा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. सर्ज प्रोटेक्टर, सगळ्याचं अर्थिंग एकाच जागी बांधलेलं, आणि राउटर ते शॅक (रिगची खोली) यांच्यात तांब्याच्या केबलऐवजी फायबरचा तुकडा, मीडिया कन्व्हर्टर लावून. तो तुकडा २ मीटरचा असला तरी फार उपयोगी.

सोलर घ्यावं का? मेन्स दिवसदिवस जात असतील तर घ्या, पण एमपीपीटी (सोलर पॅनेलचे) चार्जर रिसीव्हरमध्ये घरघर आणतात, शांत जागा शोधून तुम्ही स्वतःच तिथे नॉइज लावाल. फेराइट (वायरीवरचा नॉइज अडवणारी कडी) लावा, एचएफला ३१ नंबरचं मिक्स चालतं, आणि पॅनेलच्या लाइनवर एक रिले ठेवा म्हणजे कमजोर सिग्नल ऐकताना चार्जिंग तासभर थांबवता येईल. स्वस्त डीसी-डीसी कन्व्हर्टरही तेवढेच वाईट, एकेक बंद करून वॉटरफॉलवर (सिग्नल रेघांनी दाखवणाऱ्या स्क्रीनवर) बघा कुठली रेघ गायब होते, रिमोट रिले असल्याचा हा मोठा फायदा आहे, घरबसल्या नॉइज शोधता येतो.

आता तुमचा मूळ प्रश्न, स्विच कुठला. वर लिहिलेलं करता येतं तो कुठलाही: स्वतःहून पिंग करून रीस्टार्ट करणारा, पॉवर आल्यावरची स्थिती प्रत्येक आउटलेटला वेगळी ठेवता येणारा, करंट दाखवणारा, आणि इंटरनेट नसतानाही चालणारा. कंपनीच्या क्लाउडवरच चालणारा घेऊ नका, त्यांचा सर्व्हर बंद तर तुमचं स्टेशन बंद. पोर्ट फॉरवर्ड करून त्याचं पेज उघड्या इंटरनेटवर ठेवू नका, वायरगार्डसारख्या व्हीपीएनमधूनच (खासगी, सुरक्षित जोडणीतूनच) जा, मोबाइल इंटरनेटवर पब्लिक आयपी मिळत नाही तिथेही स्टेशनकडूनच बाहेर जोडणी करून हे जमतं. आणि दुसरी वाट हवीच, एसएमएसवर चालणारा छोटा रिले, फक्त माझ्या नंबरवरूनच ऐकणारा, त्याला दोनच कामं: सगळ्या ट्रान्समीटरची पॉवर तोड, आणि राउटर-कंट्रोलर रीस्टार्ट कर. डेटा बंद असतानाही एसएमएस बऱ्याचदा पोचतो.

हे सगळं तिथे नेण्याआधी घरीच टेबलावर मांडा, डमी लोड (अँटेनाऐवजी जोडायचा रेझिस्टर) लावा आणि महिनाभर दुसऱ्या खोलीतून मोबाइलच्या इंटरनेटवर वापरा, टेबलाजवळ जायचं नाही असं ठरवून. त्या महिन्यात मुद्दाम त्रास द्या. मेन्सचा एमसीबी पाडा आणि ५ सेकंदांत वर करा, मग ५ मिनिटांनी, मग बॅटरी पूर्ण उतरेपर्यंत पाडूनच ठेवा. ट्रान्समिट चालू असताना नेटवर्कची केबल उपटा. कॉम्प्युटर मध्येच फ्रीझ करा, पीटीटीची वायर हाताने जमिनीला लावून धरा आणि घड्याळात बघा ३ मिनिटांनी डीसी तुटतो का. माझ्या दुसऱ्या वायरिंगच्या वेळी ही शेवटची टेस्ट पहिल्यांदा फेल गेली, रिले सुटलाच नाही, मी त्याला चुकून एनसीवर जोडलं होतं.